घोडडोहाच्या पोरी

विठाबाई बुडाली तेव्हा काठावर अख्खी आळी होती. भादव्याचे शेवटचे दिवस. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं नदीवर न्यायची आमच्या कान्हे गावची रीत, म्हणून बायका गोधड्या, वाकळा, घोंगड्या घेऊन इंद्रायणीवर गेल्या होत्या. एक वाकळ हातातून सुटली. विठाबाई ती धरायला एक पाऊल पुढं गेली, आणि पुढं पाऊल टेकायला काही नव्हतंच. ओलं लुगडं पायात गुंडाळलं. ती दोनदा वर आली. बायकांनी हाका मारल्या, पदर फेकले, कुणी धुण्याचं धोपटणं पुढं केलं. पाण्यात मात्र कुणी उतरली नाही, कारण पोहता एकीलाही येत नव्हतं. शेतातले गडी धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"तिची येळ भरली व्हती," असं दुसऱ्या दिवशी गाव म्हणू लागला. कस्तुरा तेवढी म्हणाली नाही. विठाबाई तिची सख्खी चुलती. कस्तुरा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि तिनं ते सगळं काठावर उभं राहून पाहिलं होतं.

मी खतीजा. माझे अब्बा नूरमहंमद यांचं कान्हे स्टेशनाजवळ किराणा दुकान होतं. माझी आई कोकणातली, म्हसळ्याकडची. उन्हाळ्यात आजोळी गेलं की आम्ही पोरं दिवसभर खाडीत पडलेली असायचो, त्यामुळं मला कधी पोहायला शिकल्याचंसुद्धा आठवत नाही. विठाबाईचं दिवसकार्य उरकल्यावर कस्तुरा दुकानात आली. तिनं काही घेतलं नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

"खतीजा, तुला पवता येतं म्हनं."

"येतं."

"मला शिकव."

"इथं? लोक काय म्हणतील?"

"लोक काटावर उभी ऱ्हात्यात," ती म्हणाली. "ती काय म्हनत्यात ते आयकलंय म्या."

त्या वेळी आमच्या भागात मावळ कन्या संघ निघाला होता. रतनबाई म्हणून लोणावळ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. लहानपणी विधवा झालेल्या, पुण्याला शिकून आलेल्या, अंगात खादीचं पातळ आणि हातात कायम छत्री. लोणावळा, कामशेत, कान्हे, तळेगाव, सोमाटणे अशा त्यांनी शाखा काढल्या. दर रविवारी त्या एकेका गावी आगगाडीनं जायच्या. आमची शाखा मराठी शाळेच्या ओसरीत भरायची. जखम कशी बांधायची, भाजलं तर काय करायचं, लेझीम, कवायत हे सगळं त्या शिकवायच्या. पहिल्यांदा कुणी मुली पाठवेना, मग कुणी हटकेना, असं दोन वर्षांत झालं होतं.

त्या रविवारी कस्तुरा उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमाला पवायला शिकायचंय."

 छत्रीची मूठ चाचपत रतनबाई म्हणाल्या, "मला स्वतःला येत नाही गं."

"खतीजाला येतं."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.  तशा त्या म्हणाल्या, "मग शिका. पण एकटी कुणी पाण्यात जायचं नाही. आणि घरी सांगून जायचं, लपून नाही."

होळी झाली, नदी शांत झाली, आणि आम्ही सुरुवात केली. गावापासून जरा वर, वळणावर घोडडोह होता. एका बाजूला कमरेइतकं पाणी, दुसरीकडं खोल. कस्तुरा, तिच्या आळीतल्या चारपाच पोरी, माझी धाकटी बहीण लैला. पोरी लुगड्याचा काष्टा घट्ट मारून यायच्या, लैला आणि मी जुन्या सलवार-कुडत्यात. शिकणारीच्या कमरेला वाळका भोपळा बांधायचा आणि ढकलायचं. पहिल्या दिवशी भोपळा वर आणि पोरगी खाली असंच चाललं होतं. नाकातोंडात पाणी, खोकला, हसणं. कस्तुरा मात्र हसली नाही. पाणी गुडघ्यावर आलं की तिचे दात वाजायचे. थंडीनं नव्हे. ती माझं मनगट असं धरायची की वळ उठायचे. तरी रोज पहिली तीच उतरायची.

"भ्या वाटतंय तर थांब की थोडे दिवस," मी म्हणाले.

"भ्या काय थांबून जातंय व्हय?"

चैत्र संपेपर्यंत तिनं भोपळा सोडला. वैशाखात ती डोह आरपार जाऊ लागली.

मग चावडीवरून बोलावणं आलं. रखमाजी पाटील, गावचे वयानं आणि मानानं मोठे. त्यांनी कस्तुराच्या वडिलांना, मारुतीभाऊंना बोलावलं आणि माझ्या अब्बांनाही. आम्हा पोरींना कुणी बोलावलं नव्हतं. कस्तुरा गेली, तिच्या मागं मी गेले, आणि आम्ही चावडीच्या पायऱ्यांपाशी उभ्या राहिलो.

"मारुती, तुजी लेक काष्टा मारून पान्यात उड्या मारती," पाटील म्हणाले. "येनारा-जानारा बघतोय. गावाची अब्रू हाय का न्हाई? आनि नूरभाऊ, तुमची पोरगी शिकवती म्हनं. गावाच्या जिवावर तुमचं दुकान चालतंय, ह्ये इसरू नका."

मारुतीभाऊ खाली बघत होते. अब्बा काही बोलणार, तेवढ्यात कस्तुरा बोलली.

"पाटीलआबा, काकी बुडाली तवा तुमीच म्हनाला, तिची येळ भरली व्हती. मंग आमची भरली न्हाई तवर आमी पान्यात गेलो तर काय हुतंय?"

दोघंतिघं हसले. पाटलांनी वळून पाहिलं तसे गप्प झाले.

"लय त्वांड सुटलंय हिला. बाईमान्साची इज्जत..."

"काकीला वर काडली तवा तिच्या अंगावर लुगडं नव्हतं," कस्तुरा म्हणाली.  "पान्यानं न्हेलं व्हतं. तवा समदा गाव बघत व्हता. तवा कुनी पाट फिरवली न्हाई. आमी काष्टा मारून जित्या हाय, तर इज्जत जाती?"

 मारुतीभाऊ उठले, तिच्याकडं न बघताच तिच्या हाताला धरून घरी घेऊन गेले. मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही. पण त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलायचे थांबले.

आमच्या घरी जेवणं झाली. मग अब्बा म्हणाले, "दुकान गावाच्या जिवावर चालतं हे खरं आहे. लोक यायचे थांबतील."

"मग मी जाऊ नको?"

"तसं म्हणालो का मी? ओढणी गळ्यात घेऊन पाण्यात जाऊ नकोस. फास बसेल."

लोक खरंच यायचे थांबले. मीठमिरचीसाठी कामशेतपर्यंत तंगडतोड करू लागले. अब्बा दुकान उघडून बसून राहायचे, संध्याकाळी झाडून बंद करायचे. आषाढात वाटेवर गुडघाभर चिखल झाला तेव्हा एकेक जण परत आला, आणि अब्बांनी कुणाला टोमणा मारला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मारला असता.

पण त्याच्या आधीची गोष्ट. चावडीच्या दुसऱ्या दिवशी डोहाकडं गेलो, तर वाटेवर बोरीच्या काट्या पडलेल्या. नुसत्या टाकलेल्या नव्हेत, कुंपणासारख्या रोवलेल्या. पोरी थबकल्या. एकजण म्हणाली, आता पुरे. एवढ्यात मागून अंबूबाई आली. कस्तुराची आई. हातात कोयता. तिनं काट्या तोडायला घेतल्या. आम्ही ओढून बाजूला टाकल्या. वाट मोकळी झाली तशी ती डोहाच्या काठी एका धोंड्यावर बसली आणि कोयता मांडीवर ठेवला.

"पवा," ती म्हणाली. "जावंला वाचवता न्हाई आलं मला. आता कोन वाट आडवतंय ते बघती."

त्यानंतर काट्या पुन्हा पडल्या नाहीत. अंबूबाई रोज येऊन बसायची. तिचं बघून आणखी दोन लेकुरवाळ्या आल्या, मग आणखी. दुपारी कामं आटोपली की यायच्या, आधी पाय बुडवून बसायच्या, मग हळूच कुणीतरी म्हणायची, "तो भोपळा आन बरं हिकडं."

कस्तुराचं लग्न सोमाटण्याच्या एका घरात ठरलं होतं. पाऊस सरता सरता तिकडून निरोप आला: पोरीचं पोहणं बंद, नाहीतर सोयरीक बंद. निरोप घेऊन आलेला माणूस ओसरीवर बसला होता. मारुतीभाऊंनी कितीतरी महिन्यांनी लेकीशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"काय सांगू त्यास्नी?"

"सोयरीक मोडली म्हनून सांगा," कस्तुरा म्हणाली.

मारुतीभाऊ त्या माणसाकडं वळले. म्हणाले, "आयकलं न्हवं?"

दिवाळी झाल्यावर लोणावळ्याला संघाचा मेळावा होता. शाळेच्या मैदानात मांडव, सगळ्या शाखांच्या मुली, त्यांच्या आया, गावातले प्रतिष्ठित. अध्यक्षस्थानी एक निवृत्त रावसाहेब. प्रत्येक शाखेनं आपला वृत्तांत सांगायचा आणि एक कार्यक्रम करून दाखवायचा. आमचा कार्यक्रम होता लोणावळ्याच्या तळ्यात, या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जायचं. रतनबाईंनी तसं महिनाभर आधी जाहीर केलं होतं. आम्ही सकाळच्या गाडीनं उतरलो, अंबूबाई आणि गावातल्या बऱ्याच बायका बरोबर होत्या. अंगात हुरूप मावत नव्हता.

मांडवामागं रतनबाई भेटल्या. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"मुलींनो, तळ्याचा कार्यक्रम संघाच्या समितीनं काढून टाकलाय," त्या म्हणाल्या. "काही मंडळींनी हरकत घेतली. पुरुषांसमोर मुलींनी पाण्यात... रावसाहेब म्हणतात, असं झालं तर ते अध्यक्ष राहणार नाहीत. तुम्ही रांगोळी काढा. मी रंग आणून ठेवलेत."

"बाई, तुमी काय म्हनला त्यास्नी?" कस्तुरानं विचारलं.

रतनबाई म्हणाल्या, "मी भांडले गं. पण संघ टिकायला हवा. एका कार्यक्रमासाठी सगळं मोडायचं का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांनी दारोदार हिंडून तो संघ उभा केला होता.  लैलानं रंगांची ताटली उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली.

वृत्तांत सुरू झाले. लोणावळ्याच्या मुलींनी अनाथ मुलांसाठी स्वेटर विणले होते. तळेगावच्या मुलींनी दवाखान्यासाठी पट्ट्या शिवल्या होत्या. कामशेतच्या मुलींनी शाळेभोवती झाडं लावून वाढवली होती. प्रत्येकीला टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्या त्यांच्या हक्काच्याच होत्या. मग कान्ह्याचं नाव पुकारलं. कस्तुरा व्यासपीठावर गेली. बाकीच्या मुली कागद वाचत होत्या. हिच्या हातात काहीच नव्हतं.

"मी कान्ह्याची कस्तुरा," ती म्हणाली. "गेल्या सालच्या भादव्यात माजी काकी इंद्रायनीत बुडाली. काटावर लय बाया व्हत्या. कुनालाच पवता येत नव्हतं. म्हनून आमी शिकलो. नूरमहंमदभाऊंच्या खतीजानं शिकवलं. आता आमच्या गावात पोरी पवत्यात, त्यांच्या आया पवत्यात. माजी आई हितं बसलीया, तीबी पवती. ह्यो आमचा वृत्तांत."

टाळ्या पडायला लागल्या. ती हटली नाही.

"आमी आज तळ्यात पवून दाखवनार व्हतो. ते रद्द केलंय. आमाला रांगोळी काडाया सांगितलीया. रांगोळीत काय वाईट न्हाई. पन रांगोळीनं कुनी बुडनारं वर येत न्हाई."

रावसाहेबांनी मेजावरची घंटी वाजवली.

"वाजवा, मला आयकू येतंय," कस्तुरा म्हणाली. "आमी तळ्यावर चाललो. ज्याला बघायचं त्यानं यावं. ज्याला लाज वाटंल त्यानं हितंच बसावं, हितं सावली चांगली हाय."

ती खाली उतरली आणि मांडवाच्या मधल्या वाटेनं सरळ चालू लागली. मी उठले. लैला उठली. आमच्या सगळ्या पोरी उठल्या. मागं पाहिलं तर अंबूबाई पदर खोचत येत होती, तिच्या मागं कामशेतच्या मुली, मग तळेगावच्या, मग लोणावळ्याच्या कुणाकुणाच्या आया, पोरं कडेवर घेऊन. समितीतला एकजण दाराशी आडवा उभा होता. बायकांचा लोंढा बघून तो स्वतःच बाजूला झाला.

तळ्यावर वारं सुटलं होतं. पाणी काळंशार, आणि आमच्या डोहापेक्षा कितीतरी रुंद. त्या काठावर म्हशी खेळण्यातल्यासारख्या दिसत होत्या.  कस्तुरानं काष्टा मारला, माझ्याकडं पाहिलं आणि उतरली.

निम्म्यापर्यंत सगळ्या ओळीनं चाललो होतो. पाणी हाडात शिरणारं गार. अर्ध्याच्या पुढं कस्तुरा एकाएकी थांबली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"पाय," ती म्हणाली. "पोटरी धरली."

मी तिच्याजवळ गेले. "माझा खांदा धर. मी नेते."

"हात लावू नको." तिनं एक घोट पाणी गिळलं. "आत्ता तू मला न्हेलीस तर जनमभर म्हनतील, बुडत व्हत्या म्हनून."

"अगं, जीव मोठा की बोलणं?"

"जीव जात न्हाई. थांब."

तिनं डोळे मिटले आणि उताणी झाली. हे मीच तिला शिकवलं होतं: दम लागला, गोळा आला की उताणं व्हायचं, पाण्यावर पडून राहायचं, पाणी धरतं. जिचे दात गुडघाभर पाण्यात वाजायचे ती त्या अथांग तळ्याच्या मधोमध आभाळाकडं तोंड करून निवांत पडली होती. मी तिच्याभोवती फिरत राहिले. काठावरचा गलबला एकदम थांबला होता. त्यांना वाटलं असणार, झालं. मग तिनं पाय हलवून पाहिला, पालथी झाली आणि हात मारायला लागली. मागून असा कल्ला उठला की पलीकडच्या म्हशी दचकून पळाल्या.

पलीकडच्या काठावर चिखलात बसून आम्ही कुडकुडत होतो, तेव्हा रतनबाई तळ्याला वळसा घालून धावत येताना दिसल्या. छत्री कुठंतरी टाकलेली, दोन्ही हातांत आमची कोरडी कापडं. दम लागून त्यांना बोलता येईना. त्यांनी कस्तुराचं डोकं आपल्या पदरानं पुसायला घेतलं, आणि पुसता पुसता त्या रडत होत्या.

"बाई, संघ मोडला का वं आमच्यापायी?" कस्तुरानं विचारलं.

"मोडू दे," रतनबाई म्हणाल्या. "पुन्हा बांधू."

संघ मोडला नाही. समितीनं रतनबाईंना मात्र चिटणीसपदावरून काढलं आणि कान्ह्याची शाखा बरखास्त केली. वार्षिक अहवाल छापून आला, त्यात आमच्याबद्दल एकच ओळ होती: "कान्हे येथील मुलींनी सुबक रांगोळी काढली." लैलानं ती मोठ्यानं वाचली तेव्हा आम्ही दुकानाच्या पायरीवर पोट धरधरून हसलो. अब्बासुद्धा.

बरखास्त झालेली शाखा दर रविवारी भरत राहिली. रतनबाई पूर्वीसारख्याच आगगाडीनं यायच्या. पुढच्या उन्हाळ्यात कामशेतच्या मुली चालत यायला लागल्या, तळेगावच्या गाडीनं उतरायच्या आणि डोहाची वाट विचारायच्या. वाट सांगायला कधीकधी चावडीवर बसलेले रखमाजी पाटीलच असायचे. ते तोंड फिरवून हातानं दिशा दाखवायचे. त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, आणि आमचंही नाही.

कस्तुराला पुढं दोन वर्षं स्थळ आलं नाही. अंबूबाईला त्याचा घोर होता, ती तसं बोलून दाखवायची नाही एवढंच. मग एकदा पवनेकाठच्या एका गावची माणसं बघायला आली. मी आतल्या दारात उभी होते. पोरीला काही विचारायचं तर विचारा, असं मारुतीभाऊ म्हणाले. पाहुणे काही विचारायच्या आधी कस्तुराच म्हणाली, "नदीत डोह हाय का तुमच्या गावाला?"

पाहुण्यातल्या म्हाताऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. नवरामुलगा मात्र हसला.

"हाय की, लय खोल," तो म्हणाला. "पन मला पवता येत न्हाई."

"शिकवीन," कस्तुरा म्हणाली. "तुमच्या आईलाबी."

म्हाताऱ्यानं पोराकडं पाहिलं, पोरानं मान डोलावली, आणि मारुतीभाऊंनी सुपारी आणायला मला दुकानाकडं पिटाळलं.